ठोकळ्यावरची पाटी

संगणकाच्या पडद्यावर लेगोचे ठोकळे जोडण्याच्या छंदाने २०२५ मध्ये तिशी गाठली. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये एलड्रॉ हा ठोकळे जोडायचा संगणकीय कार्यक्रम लिहिला, तिथून ही गणती. या छंदाचे कौतुक होते ते ठोकळ्यांच्या वाढत्या साठ्याचे आणि छायाप्रकाशाच्या करामतींचे. ठोकळ्यावर डकवायच्या स्टिकरला सजावटीच्या खात्यात टाकून लोक पुढे जातात. माझे म्हणणे उलटे आहे. ज्यांचे गाव आणि ज्यांची लिपी कंपनीच्या यादीत नाही, त्यांच्या बाबतीत स्टिकर हाच गाभा असतो. लेगोने २०१७ मध्ये लंडनची दुमजली लाल बस काढली, १६८६ तुकड्यांची, बाजूच्या जाहिरातींसकट. तसेच लाल ठोकळे, तशाच काचा आणि तशीच चाके घेऊन पेण आगाराची एसटीही उभी करता येते. पण समोर ‘पेण – नागोठणे, मार्गे गडब’ अशी पाटी आणि अंगावर महामंडळाचे बोधचिन्ह आल्याखेरीज ती एसटी होत नाही, कुठल्याही देशातली लाल बस राहते. ठोकळे जगभर सारखेच, गडब येते ते पाटीवर.

या छंदाची पहिली वर्षे भराभर उलटावीत अशीच आहेत. जेसिमन १९९७ मध्ये गेले, स्वयंसेवकांनी त्यांचे काम पुढे नेले आणि दर महिन्याला कोणीतरी नवा तुकडा बिनचूक मापात रेखाटत राहिले. मापे सांगायची तर एका खुंटीच्या ठोकळ्याची रुंदी २० एकक आणि उंची २४, एक एकक म्हणजे ०.४ मिलिमीटर. त्या काळी तुकड्यावर चित्र चिकटवण्याची सोयच नव्हती. अक्षर हवे असेल तर ते त्रिकोण-चौकोनांत फोडून, प्रत्येक कोपऱ्याचे अंक फाइलमध्ये ओळीने लिहावे लागत. शिरोरेखा एका चौकोनात निभावते, पण ‘ड’च्या पोटाला आणि ‘ग’च्या गाठीला त्रिकोणांची रांगच लागते. काम जिकिरीचे खरे, पण त्यातून निघालेले अक्षर कितीही मोठे केले तरी फाटत नसे. शिवाय फाइल साध्या मजकुराची, आजही नोटपॅडमध्ये उघडणारी. पुढे एलड्रॉच्या नियमांत चित्र डकवायची तरतूद आली.

थांबायचे ते २०१२ ते २०२२ या दशकापाशी. लेगोचे स्वतःचे डिजिटल डिझायनर, म्हणजे एलडीडी, २००४ पासून फुकट मिळत होते आणि मुलांना हाताळायला एलड्रॉपेक्षा कितीतरी सोपे होते. त्यावर रचलेले मॉडेल खऱ्या ठोकळ्यांत मागवायची ‘डिझाइन बायमी’ ही सेवा कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये बंद केली आणि कार्यक्रम तेवढा उरला. त्यात ठोकळ्यावर नक्षी बसवता येई, पण कंपनीने दिलेल्याच चित्रांची. स्वतःचे चित्र घालायला अधिकृत दार नव्हते. तेव्हा चाहत्यांनी कार्यक्रमाची साठ्याची फाइल फोडली, आतली चित्रे बाहेर काढली आणि शेजारी आपली ठेवली. मोठी हिकमत होती ती, पण तिच्यात एक खोट होती. चित्र राही ते ज्याने फाइल फोडली त्याच्याच संगणकात. मॉडेल दुसऱ्याला पाठवले की समोर कोरा ठोकळा. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने एलडीडीवर आणखी पैसा घालणार नसल्याचे सांगितले, नोव्हेंबर २०१९ मध्ये ठोकळ्यांच्या खरेदी-विक्रीचे ब्रिकलिंक हे संकेतस्थळ विकत घेतले आणि ३१ जानेवारी २०२२ रोजी एलडीडी निवृत्त केले. त्या जागी ब्रिकलिंकचे स्टुडिओ आले. व्यवहार म्हणून यात वावगे काही नाही, हे मान्य. पण दहा वर्षे लोकांना दार न देता खिडकीतून आत येऊ द्यायचे आणि मग घरच पाडायचे, याला आतिथ्य म्हणवत नाही.

कट्टर मंडळींचा यावर जुना आक्षेप आहे. स्टिकर ही पळवाट, अक्षरे ठोकळ्यांनीच रचावीत, असे ते म्हणतात. प्रमाण काढले की हा आक्षेप गळून पडतो. एसटीची पाटी चार खुंट्यांच्या सपाट तुकड्यावर येते, तो ३२ बाय ८ मिलिमीटर. एवढ्याशा जागेत ठोकळ्यांनी ‘नागोठणे’ लिहायला बस घराएवढी करावी लागेल. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: पडद्यावरचा असा तुकडा दुकानात विकत मिळत नाही, मग त्याचा उपयोग काय? उत्तर असे की तुकडा मिळत नसला तरी ठोकळा मिळतो, आणि स्टिकर कोणत्याही तालुक्याच्या गावी छापून घेता येतो. तो नेमका कुठे, केवढा आणि कोणत्या रंगावर बसेल हे आधी पाहायची जागा म्हणजे पडदा.

आता स्टुडिओच्या जोडीला आलेल्या पार्टडिझायनरमध्ये पीएनजी चित्र निवडले आणि ठोकळ्याच्या पृष्ठावर बसवले की झाले. जे २००० साली तासन्‌तास अंक मांडून होई, ते मिनिटांत होते. माझी तक्रार इथेच आहे, आणि ती कंपनीविषयी नाही. सोय आली तशी मापे घेण्याची सवय गेली. कुठूनतरी उचललेले धूसर छायाचित्र ताणून बसवतात, लाल रंगावर पांढऱ्या चौकटीसकट. देवनागरी नीट न जुळवणाऱ्या साधनात पाटी लिहितात, मग ‘मार्गे’चा रफार सुटून हलन्त होतो आणि कुणाला खटकत नाही. गडब तेवढे बचावते, कारण त्यात काना-मात्रा नाही की जोडाक्षर नाही. छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले तर ती पाटी जेमतेम ३७८ बाय ९४ ठिपक्यांची. तेवढ्यात अक्षर आधी बारीक आखून मगच चित्र करावे लागते. पण हे तर चित्र कडेपासून कडेपर्यंत पसरतात आणि शिरोरेखा वरच्या धारेला नेऊन भिडवतात. पडद्यावर ते खपते. छापून लावल्यावर स्टिकरची कड पहिल्यांदा तिथेच उचलते. लेगोचे स्वतःचे स्टिकर पृष्ठापेक्षा किंचित लहान कापलेले असतात.