दुसऱ्या वर्षीचं फूल

रोहिणीत किंवा मृगात एक दणदणीत पाऊस होऊन गेला, की चार-पाच दिवसांनी दिग्रसच्या जुन्या वस्तीत घरांपुढच्या अरुंद पट्टीत, तुळशीवृंदावनाच्या कडेला गुलाबी फुलांची एकदम गर्दी होते. आदल्या दिवसापर्यंत तिथं गवतासारख्या पात्यांखेरीज काही नसतं. सकाळी ऊन चढलं की फुलं उघडतात, संध्याकाळी मिटतात, आणि दोन दिवसांत सगळा कारभार आटोपतो. मग पुढचा मोठा पाऊस येईस्तोवर पुन्हा नुसती पाती. कुणी याला पावसाळी लिली म्हणतं, कुणी रेन लिली. बहुतेकांच्या तोंडी फक्त ‘लिलीचे कांदे’.

हे कांदे इथं इतके रुळलेत की कुणाला परके वाटत नाहीत. पण ही गुलाबी लिली, झेफिरँथस कॅरिनाटा, मूळची मेक्सिकोपासून कोलंबियापर्यंतच्या पट्ट्यातली. तिची पांढरी बहीण झेफिरँथस कँडिडा त्याहून दक्षिणेची, अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलमधल्या नदीकाठच्या ओलसर कुरणांतली. उन्हाळ्यात पानांच्याही आधी जाड दांडा वर काढून नारिंगी-तांबडी कर्ण्यासारखी फुलं देणारा, ज्याला आपण ॲमरिलिस म्हणतो तो कांदा हिपिॲस्ट्रम, तोही दक्षिण अमेरिकेचाच. त्याच अंगणातली फुटबॉल लिली मात्र आफ्रिकेची आणि निशिगंध मेक्सिकोचा. या मंडळींत खरा इथला म्हणावा असा एक नागदवणा, आणि त्याला आपण बहुधा कुंपणाच्या कोपऱ्यात ढकललेला असतो.

लोकांची तक्रार ठरलेली: नर्सरीतून आणला त्या वर्षी छान फुलला, नंतर नुसती पानं. यात चमत्कारिक काही नाही. विकायला येणाऱ्या भल्यामोठ्या कांद्यात फुलाचा कळा आधीच तयार होऊन बसलेला असतो. त्याला पाणी दाखवलं की तो बाहेर येतो. मातीची, खताची, तुमच्या कौशल्याची फारशी गरजच नसते. पहिल्या वर्षीचं फूल वाढवणाऱ्या शेतकऱ्याचं, दुसऱ्या वर्षीचं तुमचं. लिलीची निगा म्हणजे काय, हा प्रश्न खरा त्या दुसऱ्या वर्षापासून सुरू होतो.

हिपिॲस्ट्रमचा कांदा आडवा चिरून पाहिला तर आपल्या स्वयंपाकघरातल्या कांद्यासारखेच पापुद्रे दिसतात. नातं खरंच आहे. कांदा, लसूण आणि या लिली आता वनस्पतिशास्त्रात एकाच कुळात धरतात. फरक इतकाच की लिलीच्या कांद्यात लायकोरिन नावाचं विषारी अल्कलॉइड असतं, आणि तो चुकून खाल्ला तर जोराच्या उलट्या होतात. म्हणून काढलेले कंद भाजीच्या टोपलीजवळ ठेवू नयेत, लहान पोरांच्या हाती देऊ नयेत. एरवी याच विषामुळे गुरं-शेळ्या त्यांच्या वाटेला जात नाहीत, आणि मोकाट जनावरांच्या गावात ही काही थोडी सोय नव्हे.

पापुद्र्यांच्या मधोमध पाहिलं तर एक शिस्त सापडते. हिपिॲस्ट्रम साधारण चार पानं काढतो आणि मग एका फुलदांड्याचा कळा घडवतो, मग पुन्हा चार पानं. हा कळा बाहेर येण्याच्या कितीतरी महिने आधी आत धरलेला असतो. म्हणजे पुढच्या चैत्रात किती दांडे येणार, याचा निकाल बराचसा यंदाच्या पावसाळ्यातच लागतो. फुलं गेली, आता पानं नुसती लोळतात, वाईट दिसतात, म्हणून आषाढ-श्रावणात कात्री चालवणारा माणूस खरं तर पुढच्या वर्षीची फुलं कापत असतो. पानांच्या वेण्या घालणारेही पाहिले आहेत. दिसायला नीटनेटकं, पण उन्हाला तोंड न मिळालेलं पान कांद्याला पोसणार कसं?

दुसरी गोष्ट पाण्याची. कांदा ही वनस्पतीने कोरड्या दिवसांसाठी केलेली तजवीज आहे, हे ध्यानात घेतलं की अर्धं काम होतं. या जातींच्या मूळ मुलखात एक ओला आणि एक कोरडा हंगाम असतो. ब्राझील, बोलिव्हिया, उत्तर अर्जेंटिना इथं पाऊस उन्हाळ्याच्या दिवसांत पडतो, म्हणजे तिकडच्या डिसेंबर ते मार्चमध्ये. आपल्याकडेही ऊब आणि पाऊस एकत्रच येतात, फक्त महिने उलटे. त्यामुळे तिकडचा कांदा इथं आला की सुरुवातीला गोंधळतो, पण एखाद्या वर्षात आपलं पंचांग धरतो. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, त्याची पानं पिवळी पडतात, तो गप्प होतो; फाल्गुन-चैत्रात थोडं पाणी मिळालं की दांडा निघतो. दिग्रसचा कोरडा हिवाळा आणि तापता उन्हाळा हा त्याला त्रास नाही, हवीशी विश्रांती आहे. तेव्हा कार्तिकापासून त्याला पाणी तोडायचं. आपल्याकडे बहुतेक लिली पाणी न मिळाल्यानं मरत नाहीत. कुंडीत रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतणाऱ्या प्रेमळ हातानं मरतात. ग्लॅडिओलससारखे ते दरवर्षी उपटायचेही नसतात, कारण पानं वाळली तरी हिपिॲस्ट्रमची मुळं जिवंत असतात. ती तोडली की कांद्याचं वर्ष वाया गेलं.

पावसाळी लिलीला दररोज पाणी घालून फुलं येत नाहीत, याचंही कारण तेच. कोरड्या विश्रांतीनंतर जमीन एकदम खोलवर भिजली, तर आत दबून बसलेले कळे भराभर लांबतात. सगळी फुलं एकाच वेळी येण्यात तिचा फायदा असतो: परागीभवन एका दमात उरकतं आणि जमिनीत ओल आहे तोवर बी तयार होऊन पडतं. रोजच्या पाण्यानं कधी कोरडच पडली नाही, तर हा इशारा मिळणार कसा?

सगळी दक्षिण अमेरिका मात्र सारखी नाही. मध्य चिलीत पाऊस हिवाळ्यात येतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तिथला टेकोफिलिया हा निळाशार छोटा कंद जगभरच्या शौकिनांच्या स्वप्नात असतो. जंगलातून तो संपला असंच पुष्कळ वर्षं मानत होते. २००१ साली सँटियागोजवळ पुन्हा सापडला. फोटो पाहून कुणालाही मोह पडावा असा. पण त्याला कोरडी झोप हवी नेमकी आपल्या भर पावसाळ्यात. आपल्या श्रावणात तो कुजणार, हे लिहून ठेवावं. तेव्हा कंद घेताना फुलाचा रंग नंतर पाहावा; त्याच्या मुळगावी पाऊस कोणत्या ऋतूत पडतो, हे आधी विचारावं.

आता आपल्या मातीकडे येऊ, कारण दिग्रसमध्ये कळीचा मुद्दा तोच आहे. धावंडेच्या काठची असो की अरुणावतीच्या खोऱ्यातली, काळी कसदार माती कपाशीला लाखमोलाची, पण कंदाला अडचणीची. पावसाळ्यात ती फुगते, चिकट होते, पाणी धरून ठेवते. कांद्याच्या तळाला हवा मिळत नाही आणि तिथूनच कूज सुरू होते. उन्हाळ्यात तीच माती तडकते, भेगा पडतात आणि मुळं ताणून तुटतात. उपाय खर्चाचा नाही. वाफा वीतभर उंच करावा आणि काळ्या मातीत तिच्याइतकाच मुरूम किंवा जाड रेती घालून वर एक हिस्सा कुजलेलं शेणखत मिसळावं. शेणखत ताजं असेल तर कांदा सडलाच म्हणून समजा. हिपिॲस्ट्रमचा वरचा तिसरा हिस्सा मातीच्या बाहेर राहिला पाहिजे. मान गाडली की तिथं पाणी साचतं. पावसाळी लिली दोन बोटं खोल लावावी आणि दाटीनं लावावी, विरळ लावलेली ती उगाच फुलायला वेळ लावते. चुलीतली राख आणून टाकायची सवय अनेक घरांत आहे. आपली काळी माती आधीच अल्कधर्मी असते आणि पोटॅशही तिच्यात बऱ्यापैकी असतं, तेव्हा राख नको. युरिया तर मुळीच नको, त्यानं पानं माजतात आणि कांदा पोचट राहतो.

याला एक अपवाद, आणि तो मोठा सोयीचा. पांढरी कँडिडा नदीकाठची असल्यानं तिला ओल चालते. न्हाणीचं पाणी जिथं निथळतं, नळाखाली जिथं कायम ओलं असतं, तिथं काळ्या मातीतही ती बिनदिक्कत पसरते. पावसाळा सरता सरता, गौरी-गणपतीच्या सुमारास, तिची पांढरी फुलं येतात. पानं सुयांसारखी गोल, वर्षभर हिरवी. जिला आपल्याकडे काही करावं लागत नाही अशी दक्षिण अमेरिकेतली जात दाखवा म्हटलं, तर मी हिच्याकडे बोट दाखवेन.

हिपिॲस्ट्रममध्ये सुरुवात करावी ती प्युनिसियम या रानटी जातीपासून. जुन्या बागांत असते तीच नारिंगी-तांबडी, घशाशी हिरवट चांदणी असलेली. बाजारातल्या संकरित फुलांपेक्षा फूल लहान, पण कांद्याला भराभर पिल्लं फुटतात आणि ती हट्टानं जगतात. रेटिक्युलाटम ही ब्राझीलची जात. पानाच्या मधोमध पांढरी शीर, फुलावर जांभळट जाळी. तिची पानं बारमाही, म्हणून तिला सावली आणि हिवाळ्यातही थोडी ओल लागते. पॅपिलिओ तर ब्राझीलच्या सांता कातारिना भागातल्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढते. तिला माती नकोच. नारळाचा काथ्या, कोळसा, सालीचे तुकडे यांत ती राहते. पण नवतपात ४४-४५ अंशांची कोरडी झळ तिला सोसत नाही. विदर्भात तिला उन्हाळा काढायला एकच जागा बरी, कूलरच्या ओलसर वाऱ्याच्या वाटेत, उन्हाआड. कोलंबिया-पेरूकडची युकॅरिस, पांढरी सुगंधी ॲमेझॉन लिली, हीसुद्धा तिथंच सुखानं राहते आणि कुंडी कांद्यांनी गच्च भरली की फुलते. वर्सलिया नावाचं निळं फूल मात्र रिओच्या डोंगरात, धबधब्यांच्या तुषारांत, उभ्या कड्यांवर येतं. ते फोटोतच पाहावं.

या पाहुण्यांना इथल्या किड्यांनीही ओळखलंय. पावसाळ्याच्या मध्यात लिलीच्या पानावर काळ्या अळ्यांचा घोळका दिसतो. अंगावर पांढरे आणि तांबडे-नारिंगी ठिपके, अगदी नक्षी काढल्यासारखे. त्या पान टोकाकडून खात खात मुळाशी येतात आणि दोन-तीन दिवसांत ताटवा बोडका करतात. हा पॉलिटेला ग्लोरिओसी नावाचा पतंग. त्याचं आपलं जुनं खाद्य कळलावी. पण कळलावी घटली आणि घरोघर लिली वाढली, तसा तो इकडे वळलेला दिसतो. फवारा मारण्याची गरज नाही. सकाळी चिमट्यानं अळ्या वेचाव्यात, लहान पोरं हे काम आवडीनं करतात. पानांवर आणि दांड्यावर लालसर चट्टे पडू लागले तर मात्र ती बुरशी असते. तेवढा भाग कापून टाकावा आणि पानांवर पाणी पडू देऊ नये. मानेत पांढरा पिठ्या ढेकूण बसतो, तो ओल्या फडक्यानं पुसून निघतो.

या कंदांच्या इतिहासात एक नाव मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे. १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि १८१० साली मराठी शब्दकोश छापणारे विल्यम केरी, ज्यांना या कामी वैजनाथ पंडितांची साथ होती, ते हाडाचे बागवान होते. बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांची मोठी बाग होती आणि १८२० मध्ये त्यांनी कलकत्त्यात कृषी आणि उद्यान संस्था काढली. तिकडे इंग्लंडमध्ये विल्यम हर्बर्ट हे धर्मोपदेशक याच कुळाचा ध्यास घेऊन बसले होते. झेफिरँथस आणि हिपिॲस्ट्रम ही दोन्ही नावं १८२१ ची, त्यांनीच दिलेली. नागदवण्याच्या एका जातीला त्यांनी केरींचं नाव दिलं. हिपिॲस्ट्रमचा पहिला गाजलेला संकर त्याही आधीचा, १७९९ चा. तो केला होता आर्थर जॉन्सन नावाच्या इंग्लंडमधल्या एका घड्याळजीनं. आज दुकानात मिळणारे ताटाएवढ्या फुलांचे डच कांदे हे त्याच वाटेवरचे.

ते डच कांदे घ्यावेत का? शोभेसाठी जरूर. पण लेबलवर ‘ॲमरिलिस’ असतं तेव्हा सावध राहावं. खरी ॲमरिलिस दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली, हिवाळी पावसाची. १९८७ च्या बर्लिनच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत हे नाव तिच्याकडेच ठेवायचं ठरलं. बाजार अजून जुनंच नाव चालवतो. ओळखायची युक्ती सोपी: फुलदांडा कापला आणि आतून पोकळ निघाला तर तो हिपिॲस्ट्रम, भरीव निघाला तर ॲमरिलिस. परदेशातून पाकिटातून कंद मागवण्याच्या फंदात पडू नये. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार त्याला आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं.

त्यापेक्षा बी बरं. हिपिॲस्ट्रमचं बोंड पिवळं पडून तडकलं की आत काळ्या, कागदासारख्या पातळ चकत्या दिसतात. त्या ताज्याच वापराव्यात, जुन्या झाल्या की उगवत नाहीत. वाटीत पाणी घेऊन चकत्या वर तरंगत सोडाव्यात आणि वाटी सावलीत ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत पांढरं मूळ खाली उतरतं. मग रेती-शेणखताच्या मिश्रणात ते रोप अलगद बसवावं. पहिली दोन वर्षं त्याला विश्रांती देऊ नये, हिवाळ्यातही थोडं पाणी चालू ठेवावं, म्हणजे कांदा लवकर पोसतो. फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. कुंडीवर जातीचं नाव आणि पेरल्याचा महिना ऑइल पेंटनं लिहावा, कारण मार्करची अक्षरं दिग्रसचं एक ऊनही टिकत नाहीत.