कॅलिबरचा नंबर शेवटी

जूनमध्ये भाच्याचा डेन्व्हरहून फोन आला. कोलोरॅडोच्या लॉटरीत त्याला ऑक्टोबरच्या हंगामासाठी मादी एल्कचा परवाना लागला होता. आयुष्यातला पहिलाच. "मामा, .३०० मॅग्नम घेऊ का? दुकानदार म्हणतो, एकदाच काय ते मोठं घ्या." दुकानदार असं म्हणणारच. मी त्याला उलट विचारलं, "मारणार किती लांबून?" फोनवर जरा शांतता पसरली. रायफलचं कॅलिबर निवडायला बसणारे बहुतेक जण इथेच अडतात, कारण उत्तर प्राण्यापासून आणि स्वतःच्या खांद्यापासून सुरू करायचं असतं आणि ते सुरू करतात डब्यावरच्या आकड्यापासून.

पण आकड्यांचा घोळ आधी निस्तरू, कारण तो खरोखरच वैतागवाणा आहे. आपल्याकडे गावात बंदुकीला 'बारा बोअर' म्हणतात, त्यातला बारा हा इंच नाही आणि मिलिमीटरही नाही. त्या नळीत बरोबर बसतील असे शिशाचे बारा गोळे मिळून एक पाउंड भरतात, म्हणून बारा. रायफलचा हिशेब वेगळा. तिथे आकडा नळीच्या किंवा गोळीच्या व्यासाचा, इंचाच्या भागांत. म्हणजे .३० म्हणजे इंचाचे तीस शतांश. इथवर सोपं आहे. पण .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल, अमेरिकी सैन्याने ते काडतूस स्वीकारलं ते वर्ष. .३०-३० मधला दुसरा तीस हा दारूच्या वजनाचा. .२७० ची गोळी प्रत्यक्षात .२७७ इंचाची असते. .३०८ आणि .३०-०६ या दोन्हींत गोळी तीच, .३०८ इंचाची, फक्त काडतुसाची पितळी नळकांडी एकाची ५१ मिलिमीटर आणि दुसऱ्याची ६३. युरोपातली पद्धत त्यातल्या त्यात सरळ: ७×५७ म्हणजे गोळी सात मिलिमीटरची आणि नळकांडी ५७ ची. तरी लंडनच्या रिग्बी कंपनीने त्याच काडतुसाला .२७५ असं बारसं केलंच. तात्पर्य इतकंच की नाव हा पत्ता आहे, माप नव्हे. नळीवर जे कोरलं आहे तेच काडतुसाच्या बुडावर असलं पाहिजे, 'जवळजवळ तेच' इथे चालत नाही.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात, आणि इथे मराठी माणसाला एक सोय आहे. ब्रिटिशांनी तोळा ठरवला तो १८० ग्रेनचा. .३०-०६ ची नेहमीची वजनदार गोळी १८० ग्रेनचीच असते, म्हणजे बरोबर एक तोळा. .२४३ ची शंभर ग्रेनची गोळी अर्ध्या तोळ्याहून थोडी जास्त. आफ्रिकेत गव्यासारख्या जनावरांवर चालणाऱ्या .३७५ एच अँड एचची ३०० ग्रेनची गोळी पावणेदोन तोळ्यांच्या जरा आत. भाच्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "आईच्या पाटल्यांपेक्षा हलकं." खरंच आहे. एवढ्याशा धातूने सव्वादोनशे किलोचं जनावर आडवं करायचं असतं.

ते कसं होतं, यावर सगळी निवड उभी आहे. जनावर 'धक्क्याने' उडून पडतं ही सिनेमातली गोष्ट. गोळी फुप्फुसांतून किंवा हृदयातून आरपार भोक पाडते, रक्तदाब कोसळतो, मेंदूला रक्त पुरत नाही आणि काही सेकंदांत जनावर खाली येतं. त्या काही सेकंदांत हरिण शंभर मीटर धावूही शकतं. म्हणजे दोन गोष्टी हव्यात. गोळी पुरेशी खोल गेली पाहिजे आणि वाटेत पुरेशी फुलली पाहिजे. या दोन्ही एकमेकींच्या वैरिणी आहेत. जी फार फुलते ती लवकर थांबते, आणि जी मुळीच फुलत नाही ती सुईसारखं भोक पाडून पलीकडे निघून जाते, जनावर मैलभर चालून झुडपात मरतं आणि कुणाला सापडत नाही.

कोलोरॅडोतला म्यूल डिअर नर साधारण शंभर किलोचा, त्याची छाती अरुंद, बरगड्या पातळ. एल्क सांबराच्या कुळातलाच, पण मादीच सव्वादोनशे किलोची आणि नर तीनशेच्या वर. (युरोपात 'एल्क' म्हणजे मूस, हे आणखी एक झेंगट.) हरणाच्या छातीतला नेमका भाग जेवणाच्या छोट्या ताटलीएवढा, वीसेक सेंटिमीटरचा. एल्कचा तो तीस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे एल्कवर नेम धरणं उलट सोपं. अवघड आहे ते आत पोहोचणं. जनावर आडवं उभं असेल तर प्रश्न नाही, पण तिरकं उभं असेल तर गोळीला फऱ्याचं जाड हाड, मग स्नायू आणि मग फुप्फुसं असा लांबचा पल्ला गाठायचा असतो.

आणि इथे कॅलिबरपेक्षा गोळीची बांधणी जास्त बोलते. १९४६ साली जॉन नोझलर नावाचा अमेरिकी माणूस ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला होता. हातात .३०० एच अँड एच मॅग्नम, त्या काळातलं जोरदार काडतूस. मूस चिखलाने माखलेला. गोळ्या लागत होत्या, पण चिखल आणि जाड कातडीवर आपटून फुटत होत्या, आत जात नव्हत्या. मॅग्नमचा वेग जास्त म्हणूनच त्या लवकर फुटत होत्या. परत येऊन त्याने गोळीच्या पोटात मधोमध तांब्याच्या मिश्रधातूची भिंत ठेवली. पुढचं शिसं फुलेल, फुटेल, पण भिंतीमागचं अर्धं शाबूत राहून पुढे जाईल. १९४८ पासून ती गोळी बाजारात आहे, 'पार्टिशन' नावाने. माझ्याकडे एल्कच्या पलीकडच्या कातडीखाली सापडलेली अशी एक गोळी आहे. पुढचा भाग अळंबीसारखा उलटून फुललेला, व्यास जवळजवळ दुप्पट, आणि मागचा दांडा अगदी कोरा, त्यावर नळीतल्या पिळाच्या खाचा अजून मोजता येतात. आता संपूर्ण तांब्याच्या गोळ्याही मिळतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. मेलेल्या जनावरांतलं शिसं कॉन्डर गिधाडांच्या पोटात जात होतं, म्हणून.

बारीक आणि लांब गोळी त्याच वजनाच्या जाड, आखूड गोळीपेक्षा खोल जाते. खिळा आणि बोथट लाकडी खुंटी यांतला फरक. स्वीडनमध्ये साडेसहा मिलिमीटरच्या जुन्या लष्करी काडतुसाने, ६.५×५५ ने, शंभर वर्षांहून अधिक काळ मूस मारले जात आहेत ते याच जोरावर. अमेरिकेत २००७ मध्ये आलेलं ६.५ क्रीडमोर त्याच कल्पनेचं नवं रूप.

कायदा मात्र साधा आणि कोरडा आहे, किमान रेषा आखून मोकळा होतो. कोलोरॅडोत मोठ्या शिकारीसाठी कॅलिबर किमान .२४, गोळी फुलणारी, हरणाला किमान ७० ग्रेन आणि एल्क-मूसला ८५, आणि शंभर यार्डांवर ऊर्जा किमान १००० फूट-पाउंड. जर्मनीत रो हरणाला शंभर मीटरवर १००० ज्यूल पुरतात, खुरांच्या त्याहून मोठ्या जनावरांना किमान ६.५ मिलिमीटर आणि २००० ज्यूल. म्हणजे .२४३ घेऊन एल्कवर जाणं कोलोरॅडोत कायदेशीर आहे. मी जाणार नाही. आडव्या उभ्या मादीला ते पुरेल, पण तिरक्या उभ्या नराच्या फऱ्यावर शंभर ग्रेनचा भरवसा मला वाटत नाही. हरणाला मात्र ते उत्तम.

आता मॅग्नमचा प्रश्न. .३०-०६ ची तोळाभर गोळी नळीतून सेकंदाला २७०० फुटांनी निघते, .३०० विन्चेस्टर मॅग्नमची तेवढीच गोळी सुमारे २९५० फुटांनी. ऊर्जा २९०० फूट-पाउंडवरून ३५०० च्या घरात. कागदावर भारी दिसतं. पण दोन्ही रायफली २०० यार्डांवर साधल्या, तर ३०० यार्डांवर पहिलीची गोळी आठ-नऊ इंच खाली येते आणि दुसरीची साधारण दोन इंच कमी. दोन इंच! एल्कच्या छातीवर तीन बोटं. तेवढ्याच अंतरावर ताशी दहा मैलांचा आडवा वारा .३०-०६ च्या गोळीला सात-आठ इंच बाजूला सरकवतो, आणि वाऱ्याचा अंदाज चुकला तर मॅग्नमही वाचवत नाही.

या दोन इंचांची किंमत खांदा देतो. .२४३ च्या तुलनेत .३०० मॅग्नमचा धक्का जवळजवळ तिप्पट. पहिल्या वर्षी मीही उसनी मॅग्नम घेऊन रेंजवर मिरवलो होतो. गोळ्या एकसारख्या खाली आणि उजवीकडे जात होत्या. दुर्बिणीला दोष दिला, ती दुसऱ्या दुर्बिणीशी ताडून पाहिली, स्क्रू आवळले. शेजारच्या टेबलावरचे एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ बघत होते. ते म्हणाले, "मी भरून देतो, तुम्ही फक्त चाप ओढा." तीन बार झाले. चौथ्याला त्यांनी मला न सांगता नकली काडतूस भरलं. चाप ओढला, नुसतं 'टक्' झालं आणि सगळ्यांच्या देखत नळीचं टोक वीतभर खाली आपटलं. बार न होताच मी धक्क्याला भिऊन रायफल ढकलली होती. एवढा शरमलो नव्हतो कधी. हे डोळे मिटणं, खांदा आवळणं शरीर आपोआप शिकतं आणि विसरायला फार वेळ घेतं.

.२७५ चं नाव वर आलंच आहे, तर जिम कॉर्बेटही आठवायला हवेत. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये त्यांना बक्षीस मिळाली ती .२७५ रिग्बी. रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ साली याच रायफलीने पडला. वाघासाठी त्यांच्याजवळ .४५०/४०० ची दुनळीही असे. आफ्रिकेत 'कारामोजो' बेल नावाच्या शिकाऱ्याने याच सात मिलिमीटरच्या काडतुसाने शेकडो हत्ती मारले. त्याचं उदाहरण देऊन लहान कॅलिबरची वकिली करणारे एक गोष्ट सोडून देतात. बेल न फुलणारी टणक गोळी मेंदूत मारत असे, आणि मेंदू नेमका कुठे असतो हे त्याने मेलेल्या हत्तींची डोकी उभी कापून पाहून ठेवलं होतं. अंगावर येणाऱ्या जनावराचं गणित तसंही वेगळं. तिथे चूक झाली तर दुसरी संधी मिळत नाही, म्हणून तिथे .३७५ आणि त्यावरच्या रायफली हव्यातच. म्यूल डिअर काही अंगावर येत नाही.

भारतात हा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जवळजवळ निकालात काढला. उरली ती ईशापूरच्या कारखान्यातली .३१५, जिचं कॅलिबर शिकारीसाठी नव्हे तर कायद्यामुळे ठरलं: ब्रिटिशांना लष्कराची .३०३ लोकांच्या हाती नको होती, म्हणून वेगळ्या मापाची.

भाच्याने शेवटी जुन्या मालातली .३०८ घेतली, साडेतीन किलोंच्या आसपासची. मॅग्नम घेतली नाही म्हणून वाचलेले पैसे काडतुसांत घातले. जुलैभर आम्ही दर शनिवारी रेंजवर. टेबलावरून मोजके बार, मग जमिनीवर बसून, मग गुडघ्यावर, कारण डोंगरात टेबल मिळत नाही. अधूनमधून मी नकली काडतूस सरकवायचो. दोनदा पकडला, नंतर नळी हलेना. आम्ही ठरवलं की मांडी घालून बसल्यावर पाचपैकी पाच गोळ्या जेवायच्या ताटात बसतील तिथवरच त्याचा पल्ला. ऑगस्टअखेर तो २२० यार्ड भरला. काडतुसांच्या तीन कंपन्यांच्या १६५ ग्रेनच्या पेट्या आणून शंभर यार्डांवर ताडून पाहिल्या. एकीच्या गोळ्या तीन इंचांत विखुरल्या, दुसरीच्या साडेतीन, तिसरीच्या सव्वा इंचात. तिसरी सगळ्यांत स्वस्त होती. तिच्या सहा पेट्या आणल्या, आणि नळीजवळच्या दस्त्यावर त्याने पांढऱ्या पट्टीवर पेनने लिहून ठेवलं: २२०.