तोतरेपणा आणि वाचोपचार

बोलताना एखादा ध्वनी पुन्हा पुन्हा उच्चारला जाणे, तो लांबणे किंवा शब्द ओठांवर येऊन अडणे, यास तोतरेपणा म्हणतात. हा बुद्धीचा दोष नव्हे. शंभर प्रौढांपैकी सुमारे एकास तो असतो.

प्रौढांसाठी वाचोपचाराच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिलीत बोलण्याची रीतच बदलतात : स्वर लांबवून, संथपणे व हळुवार आरंभ करून बोलण्याचा सराव केला जातो, पुढे गती क्रमाने वाढवतात. दुसरी पद्धत अमेरिकेतील चार्ल्स व्हॅन रायपर (१९०५-१९९४) यांनी विकसित केली. ते स्वतः तोतरे बोलत. शब्द अडखळल्यावर थांबून तो सावकाश पुन्हा उच्चारणे, नंतर अडखळत असतानाच ताण सैल करणे आणि शेवटी अडखळण्यापूर्वीच सावध होणे, अशा तिच्या पायऱ्या आहेत.

अनेकदा अडखळण्यापेक्षा त्याची भीतीच अधिक जाचक ठरते. तीमुळे माणूस अवघड शब्द टाळतो, दूरध्वनी घेत नाही, मुलाखतीस जात नाही. म्हणून ही टाळाटाळ कमी करणे हाही उपचाराचा भाग असतो. प्रौढपणी तोतरेपणा पूर्णपणे जाईलच असे नाही. परंतु मोकळेपणाने बोलणे साध्य होऊ शकते. ऐकणाऱ्यानेही समोरच्याचे वाक्य स्वतः पूर्ण न करता धीराने ऐकावे.