जुनी बुलेट चालू करा, पण तिचा चेहरा मोडू नका

सातारा-सांगलीकडच्या बऱ्याच गावांत अजून एखाद्या गोठ्याच्या कडेला, नाहीतर वाड्याच्या सोप्यात पोतं टाकून झाकलेली मोटारसायकल सापडते. कुणाची बुलेट, कुणाची जावा-येझदी, कुणाची दूध घालायला वापरलेली राजदूत. आजोबांनी उसाच्या बिलावर घेतलेली, वडिलांनी फिरवलेली आणि आता नातवाच्या मनात भरलेली. ती चालू करायची म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, भंगारात घाल. दुसरा म्हणतो, डिस्क ब्रेक बसव, अलॉय चाकं टाक, टाकी बदल, एकदम नवी दिसंल. पहिल्या सल्ल्यात गाडी जाते, दुसऱ्यात तिची ओळख जाते.

मधला रस्ता आहे, आणि तो सोपा आहे. जे आत आहे, झिजलं आहे आणि जिवाशी निगडित आहे ते बिनधास्त बदला. जे डोळ्यांना दिसतं आणि कानाला ऐकू येतं ते राखा. जे एकदा कापलं की पुन्हा जोडता येत नाही, त्याला हातच लावू नका.

गाड्या आल्या कुठून?

एन्फिल्ड इंडिया कंपनी मद्रासला १९५५ साली उभी राहिली. इंग्लंडातला मूळ कारखाना पुढे बंद पडला, पण मद्रासची बुलेट चालूच राहिली. झेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्यावर म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला. तीच गाडी पुढे येझदी झाली आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. राजदूत १७५ ही एस्कॉर्ट्सची, मूळ पोलंडच्या एसएचएल गाडीवरून केलेली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून खडबडीत रस्त्यानं तिनं किती खेपा केल्या असतील, त्याची गणती नाही.

जुन्या रूपात नवं यंत्र घालणं हे कंपन्यांनीही केलं आहे. रॉयल एन्फिल्डनं २००९ साली क्लासिक आणली, जावा २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आली. टाकीची गोलाई, हेडलाइटचा डोम, लांब सायलेन्सर तसेच ठेवले, आतलं इंजिन मात्र नवं. घरच्या गाडीलाही हाच हिशेब लावायचा.

आधी कागद, मग पाना

गाडी खोलायच्या आधी आरसी बुक शोधा. त्यावरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. दुसरं इंजिन बसवायचं तर आरटीओची परवानगी हवी. नाहीतर नूतनीकरणाच्या वेळी गाडी अडते, आणि अपघात झाला तर विम्याचा घोळ होतो तो वेगळाच.

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. नव्यानं नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर राखता येतो. पण व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी असा नियम आहे. रानात-बाजाराला न्यायची असेल तर साधं नूतनीकरणच करा. मात्र आज चेसिस कापली, तर उद्या व्हिंटेजचा दरवाजा कायमचा बंद होतो, हे ध्यानात ठेवा.

आत काय बदलावं?

पहिली तक्रार विजेची. जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या. रात्री बांधावरच्या रस्त्याला त्या दिव्यानं खड्डा दिसत नाही. १२ व्होल्ट करून घेणं हा सगळ्यात उपयोगी बदल. त्यासाठी अल्टरनेटरची कॉइल, रेक्टिफायर-रेग्युलेटर, बॅटरी, बल्ब आणि हॉर्न बदलावे लागतात. डोम, काच आणि अँपिअर मीटर जागेवर राहू द्या. एलईडी बसवताना सांभाळा. जुन्या रिफ्लेक्टरमध्ये तिचा उजेड विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. हॅलोजन त्यापेक्षा बरा. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं तर किक हलकी लागते, पण जुने पॉइंट जपून ठेवा. वायरिंग मात्र सगळंच नवं करा. उंदरानं कुरतडलेली वायर टेप गुंडाळून चालवू नका.

इंजिनाचं काम सिलिंडर मोजूनच ठरवा. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतो, पण दर बोअरला धातू जातो आणि तो परत येत नाही. नुसत्या रिंगांवर भागत असेल तर भागवा. बुलेटच्या कनेक्टिंग रॉडला मोठ्या टोकाशी बुश असायचं, तिथं रोलर बेअरिंग बसवता येतं. बाहेरून काही कळत नाही, आयुष्य मात्र वाढतं. लेथवरचं काम जाणणारे हात आपल्याकडं आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हापासून या भागाला यंत्राची सवय आहे.

घाट आणि ब्रेक

पसरणीचा घाट नाहीतर कुंभार्ली उतरायचा असेल तर ब्रेकवर पैसे सोडा. डिस्कसाठी फोर्क बदलण्यापेक्षा ड्रम खरवडून गोल करा, नवे लायनर आणि केबल घाला. त्यानंही भागत नसेल, तर पुढे कंपनीनंच ५०० सीसीच्या बुलेटला दिलेला ७ इंची, दोन कॅमचा ड्रम शोभून दिसतो. चाकाचे आरे, टायर आणि बेअरिंग यांत काटकसर नको.

जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला. आजच्या पोराला नेमकी उलटी सवय. अचानक म्हैस आडवी आली तर तो ब्रेक समजून गिअर दाबतो. गिअर डावीकडं घेण्याचे किट मिळतात, पण त्यात गाडीची मूळ चाल जाते. ती राखायची असेल, तर मोकळ्या माळावर महिनाभर सराव करूनच हमरस्त्याला या.

उसाचं पेट्रोल

आपल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीत होणारं इथेनॉल आता आपल्याच टाकीत येतं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून पंपावर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत देशभर पसरलं. उसाला त्याचा आधार आहे, पण जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. इथेनॉल ओल ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. जुने रबरी पाइप आणि वॉशर फुगतात, चिरतात. तेव्हा इथेनॉलला टिकणारे पाइप आणि वॉशर घाला, टाकी आतून साफ करून घ्या, गाडी उभी करायची तर पेट्रोल काढून ठेवा. मिश्रण पातळ होतं म्हणून मेन जेट एक नंबर मोठा लागू शकतो. प्लग काढून बघा. पांढरा पडला तर इंजिन तापतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त, बिस्किटी रंग असेल तर बरोबर.

हे करू नका

सायलेन्सर कापून फटाके काढू नका. जुन्या बुलेटचा ठोका सावकाश आणि भरीव असतो, कानठळ्या बसवणारा नसतो. असे सायलेन्सर पोलीस जप्त करतात, रोलरखाली घालतात. मडगार्ड छाटू नका. जावाची किक आणि गिअरचा दांडा एकच असतो, त्याची मोडतोड करू नका. टाकीवरच्या मूळ रंगाचा पट्टा थोडा उडालेला असला तरी असू द्या. रंग पुन्हा देता येतो, मूळचा परत येत नाही.

काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून एका पेटीत ठेवा. काय बदललं, कधी बदललं, ते वहीत लिहा आणि बिलं जोडा. पुढं गाडी कुणाच्याही हातात गेली, तरी त्या पेटीवरून आणि वहीवरून ती पुन्हा होती तशी उभी करता येईल.