खालच्या जागेचे मोठेपण : ताओ ग्रंथ आणि शुभवर्तमाने

‘ताओ ते चिंग’ हा जेमतेम पाच हजार चिनी अक्षरांचा, ८१ छोट्या प्रकरणांत विभागलेला ग्रंथ. परंपरा तो लाओत्सेच्या नावावर घालते आणि लाओत्सेला कन्फ्यूशियसचा वडीलधारा समकालीन ठरवते. मात्र इ.स.पू. १०० च्या सुमारास त्याचे चरित्र लिहिणाऱ्या सिमा च्येनलाही हा माणूस नेमका कोण, हे ठामपणे सांगता आले नव्हते. ग्रंथाच्या वयाचा पुरावा मिळाला तो जमिनीखालून. १९७३ साली छांगशाजवळ मावांगत्वे येथे, इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेल्या थडग्यात, रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती सापडल्या. १९९३ साली हूपेइ प्रांतातील ग्वोद्यानच्या थडग्यातून बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला, सुमारे इ.स.पू. ३०० चा मजकूर निघाला. येशूचे जीवन सांगणारी चार शुभवर्तमाने ग्रीक भाषेत लिहिली गेली ती साधारण इ.स. ६५ ते १०० या काळात. दोहोंच्या मध्ये किमान साडेतीनशे वर्षे आणि जवळजवळ सगळा आशिया खंड आहे. एकाने दुसऱ्याचे काही वाचले असावे याला कसलाही आधार नाही. तरीही दोन्हीकडची काही वचने शेजारी ठेवली तर ती एकाच शाळेत शिकल्यासारखी वाटतात. हे साम्य कोठवर खरे आहे, हे उपदेशापेक्षा उपदेशामागच्या कारणावरून ठरते.

सर्वांत ठळक साम्य खालच्या जागेविषयीचे. लाओत्सेचा लाडका दाखला पाण्याचा. आठव्या प्रकरणात पाणी सर्वांचे भले करते, कोणाशी झगडत नाही आणि लोक नाक मुरडतात अशा सखल जागी जाऊन राहते. म्हणून ते ताओच्या, म्हणजे ‘मार्गा’च्या, सर्वांत जवळचे. ६६ व्या प्रकरणात समुद्राला शेकडो ओढ्यांचे राजेपण मिळते, कारण तो त्या सगळ्यांच्या खाली असतो. ६७ व्या प्रकरणात लाओत्से आपली तीन रत्ने सांगतो : माया, काटकसर आणि जगाच्या पुढे जाण्याची हाव नसणे. शुभवर्तमानांत हीच गोष्ट प्रसंगांतून येते. शिष्य वाटेत आपल्यात मोठा कोण यावर भांडतात, तेव्हा येशू त्यांना सांगतो की पहिले व्हायचे असेल त्याने सर्वांच्या शेवटी आणि सर्वांचा सेवक होऊन राहावे. योहानाच्या तेराव्या अध्यायात तो जेवणावरून उठतो, अंगावरचे वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, घंगाळात पाणी ओततो आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन पुसतो. हे काम घरातल्या गुलामाचे. पेत्र आधी पाय पुढे करायलाच तयार होत नाही, यावरून त्या कृतीचा धक्का कळतो.

दोन्हीकडे नम्रतेला फळही सांगितले आहे. लाओत्सेचा ज्ञानी स्वतःला मागे ठेवतो आणि म्हणूनच पुढे येतो. लूकच्या चौदाव्या अध्यायात तर येशूचा सल्ला अगदी व्यवहारी आहे : मेजवानीत मुख्य आसन पकडू नये, शेवटचे घ्यावे, यजमान स्वतःच वर बोलावील. पण श्रोते वेगळे आहेत. ६६ वे प्रकरण राजाला उद्देशून आहे; लोकांवर राज्य करायचे तर बोलण्यात त्यांच्या खाली राहावे, असा त्याचा रोख. तिसऱ्या प्रकरणात तर राज्यकर्त्याने प्रजेची मने रिकामी ठेवावीत आणि पोटे भरावीत, असे स्पष्टच सांगितले आहे. लाओत्सेला केवळ एकांतवासी गूढवादी समजणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचायला हवे. येशूचे ऐकणारे कोळी, जकातदार, रोगी आणि कर्जबाजारी शेतकरी होते; त्यांच्या हाती सत्ता नव्हतीच. जो मुळातच खाली आहे त्याला खालच्या जागेचे मोठेपण सांगणे आणि सिंहासनावरच्याला ते सांगणे यांत बराच फरक पडतो.

वैराविषयीची शिकवण याहूनही जवळ येते. ६३ व्या प्रकरणात अपकाराची फेड सद्गुणाने करावी असे म्हटले आहे. ही कल्पना चीनमध्येही सर्वांना पटलेली नव्हती. कन्फ्यूशियसच्या संवादांत कोणीतरी हाच विचार त्याच्यापुढे मांडतो, तेव्हा तो उलट विचारतो की मग उपकाराची फेड कशाने करायची? त्याच्या मते अपकाराला न्यायाने उत्तर द्यावे, चांगुलपणा चांगुलपणासाठी राखावा. डोंगरावरील प्रवचनात येशूही अशाच एका समंजस, जुन्या, मोजून-मापून न्याय देणाऱ्या नियमाच्या पुढे जातो आणि शत्रूवर प्रीती करायला सांगतो. दोघेही आपापल्या समाजातल्या शहाणपणाच्या विरोधात बोलत होते.

७९ व्या प्रकरणातला एक तपशील इथे बारकाईने पाहण्याजोगा आहे. प्राचीन चीनमध्ये कर्जाचा करार पट्टीवर नोंदवून ती दुभंगत. एक अर्ध धनकोकडे राही, दुसरे ऋणकोकडे. वसुलीच्या वेळी दोन अर्धी जुळवून पाहत. लाओत्से म्हणतो की ज्ञानी माणूस धनकोचे डावे अर्ध हातात असूनही कोणाकडे तगादा लावत नाही. ज्याच्यापाशी सद्गुण नाही तो मात्र करवसुली करणाऱ्यासारखा वागतो. त्याच प्रकरणाच्या आरंभी त्याने एक कडू सत्य नोंदवले आहे : मोठे भांडण मिटवले तरी थोडी अढी उरतेच. म्हणून मिटवामिटवीपेक्षा मुळात तगादाच नको. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दाखलाही कर्जाचाच. राजा एका चाकराचे दहा हजार तालांतांचे, म्हणजे जन्मात न फिटणारे, कर्ज माफ करतो; तोच चाकर बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही पापक्षमेची भाषा ऋणाचीच आहे. मात्र येशूच्या दाखल्यात चाकराने माफी द्यावी ती आधी स्वतःला मिळाली म्हणून. लाओत्सेच्या ज्ञान्यावर कोणाचेही ऋण नाही. तो तगादा लावत नाही, कारण तगाद्याने माणूस आणि जग दोन्ही ताणले जातात हे त्याला दिसते.

कारणांमधली ही फारकत सर्वांत स्पष्ट दिसते ती निसर्गाच्या निःपक्षपातीपणात. दोघांचेही निरीक्षण एकच आहे : सृष्टी चांगला-वाईट भेद करत नाही. येशूच्या मते देव दुष्टांवर आणि सज्जनांवर सारखाच सूर्य उगवतो, नीतिमान आणि अनीतिमान दोघांवर पाऊस पाडतो. ही पित्याची उदारता आहे आणि मुलांनी तिचे अनुकरण करावे. लाओत्से पाचव्या प्रकरणात सांगतो की आकाश आणि पृथ्वी यांना माया नाही, ती सर्व प्राणिमात्रांना गवताच्या कुत्र्यांसारखे वागवतात. असे कुत्रे यज्ञविधीसाठी तयार केले जात. विधी होईपर्यंत त्यांना सजवून पेटीत जपत आणि विधी संपला की वाटेवर टाकून देत, येणारेजाणारे त्यांना तुडवत. एकच पाऊस एकाला प्रेमाचा पुरावा वाटतो, दुसऱ्याला अलिप्ततेचा. तरी ४९ व्या प्रकरणात लाओत्सेचा ज्ञानी चांगल्याशी चांगला आणि वाइटाशीही चांगलाच वागतो. आचरण येशूच्या शिष्याला शोभेल असे, पाठीमागचे विश्व मात्र निराळे.

संपत्तीबाबत दोन्ही ग्रंथ कडक आहेत. साठवण जितकी मोठी तितके नुकसान मोठे, असे ४४ वे प्रकरण बजावते. पृथ्वीवरच्या संपत्तीला कसर आणि जंग लागतो, चोर घर फोडतात, असे मत्तयात येते. ७७ व्या प्रकरणात लाओत्से धनुष्याचा दाखला देतो. दोरी चढवताना वरचे टोक खाली येते आणि खालचे वर. स्वर्गाची रीतही अशीच, जास्त असलेल्यांकडून घेऊन कमी असलेल्यांना देण्याची. माणसांची रीत नेमकी उलटी. लूकच्या पहिल्या अध्यायातले येशूची आई मरिया हिचे स्तोत्रही धनुष्यासारखेच वाकते : सत्ताधीश आसनावरून खाली येतात, भुकेले तृप्त होतात, धनवान रिकाम्या हाती परततात. पण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात, तालांतांच्या दाखल्याच्या शेवटी, ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी मिळेल आणि नाही त्याच्याकडचेही काढून घेतले जाईल, असे वाक्य आहे. टीकाकार ते पैशाऐवजी सोपवलेल्या जबाबदारीविषयी आहे असे समजावतात, आणि दाखल्याचा रोख पाहता ते बरोबरही आहे. तरी लाओत्सेच्या कानाला ते माणसांच्या बिघडलेल्या रीतीचेच वर्णन वाटले असते.

बालकाविषयी थोडक्यात. दोघेही बालकासारखे व्हायला सांगतात. लाओत्सेच्या तान्ह्या मुलाची हाडे मऊ आणि मूठ घट्ट असते, ते दिवसभर रडूनही त्याचा आवाज बसत नाही; तो अखंड जीवनशक्तीचा नमुना आहे. येशूचे बालक समाजात कसलाही मान नसलेले आहे. उपदेश सारखा दिसला तरी मुलात पाहिलेले गुण वेगळे आहेत.

साम्याची हद्द संपते ती मृत्यूपाशी. ताओ परंपरेतला दुसरा महत्त्वाचा ग्रंथ च्वांगत्से. त्यात च्वांगत्सेची बायको वारल्यावर मित्र भेटायला येतो, तर हा पाय पसरून भांडे बडवत गात बसलेला. आपल्यालाही आधी दुःख झाले, पण ऋतू पालटतात तशी ती रूप पालटून गेली हे ध्यानात आल्यावर रडणे थांबवले, असे तो सांगतो. येशू आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी रडतो आणि मग मृताला बाहेर बोलावतो. एकाला मृत्यू ऋतुचक्राचा भाग वाटतो, दुसऱ्याला तो हरवण्याजोगा शत्रू. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्त स्वतःला रिकामा करून दासाचे रूप घेतो, हे लाओत्सेच्या सखल पाण्याच्या फार जवळ जाते. पण ती उतरण वधस्तंभावरच्या मरणापर्यंत जाते. पाणी खाली येते ते स्वभावाने, त्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही.

दोन्ही धर्मांची प्रत्यक्ष गाठ पडली ती चीनमधल्या तांग राजवटीत. इराणमधून पसरलेल्या पूर्वेकडील सिरियाक चर्चचा अलोपेन नावाचा धर्मगुरू ६३५ साली छांगआन राजधानीत पोचला. ६३८ साली सम्राट ताइत्सुंगने फर्मान काढून या धर्माला परवानगी दिली. याच चर्चचे धागे कोकणपट्टीपर्यंतही येतात : सहाव्या शतकातल्या कॉस्मस या प्रवाशाने ‘कल्याण’ येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे नोंदवले आहे, आणि हे ठिकाण सामान्यतः मुंबईजवळचे कल्याण मानले जाते. ७८१ मध्ये छांगआनमध्ये उभारलेला या चर्चचा शिलालेख आज शीआनच्या, म्हणजे जुन्या छांगआनच्याच, संग्रहालयात आहे. त्याचा लेखक चिंगचिंग, सिरियाक नाव आदाम. हा पाद्री चिनी विद्येत मुरलेला होता. आपल्या धर्माला नाव देताना तो म्हणतो की खरा शाश्वत मार्ग सूक्ष्म आहे, त्याला नाव देणे कठीण, तरी नाइलाजाने त्याला ‘तेजस्वी धर्म’ म्हणतो. हा सगळा घाट ताओ ते चिंगच्या पंचविसाव्या प्रकरणाचा. तिथेही लाओत्से निनावी तत्त्वाला नाइलाजाने नाव देतो. लाओत्से पश्चिमेला निघून गेल्याच्या आख्यायिकेचाही चिंगचिंगने उपयोग करून घेतला : चौ घराण्याचा सद्गुण ओसरला तेव्हा मार्ग पश्चिमेला गेला, आता तो पूर्वेला परत येत आहे. शिलालेखात त्रैक्य, कुमारीपासून जन्म, इराणींनी पाहिलेला तारा हे सारे आहे. वधस्तंभावरचा मृत्यू मात्र उघड शब्दांत सांगितलेला नाही. नेमके जिथे ताओच्या भाषेत जागा नव्हती, तिथेच हा कुशल लेखक आवाज खाली आणतो. ८४५ साली सम्राट वूत्सुंगने बौद्ध मठांबरोबर या चर्चवरही घाव घातला आणि ते चीनमधून जवळजवळ नाहीसे झाले.

शिलालेख सतराव्या शतकात पुन्हा सापडला तेव्हा चीनमधल्या जेझुइट धर्मप्रसारकांना आनंद झाला. त्यांच्यातला झोआकीम बुव्हे आणि त्याचे सहकारी पुढे एवढ्यावर थांबले नाहीत. चिनी अभिजात ग्रंथांत बायबलचे रहस्य गुप्तरूपाने दडले आहे, असे ते मानू लागले. ही खोड नंतरच्या विद्वानांनाही लागली. आबेल-रेम्यूझा या फ्रेंच पंडिताने १८२३ मध्ये चौदाव्या प्रकरणातल्या यी, शी आणि वेइ या तीन अक्षरांत ‘यहोवा’ हे हिब्रू नाव वाचले. त्याचाच शिष्य स्तानिस्लास ज्युलियें याने १८४२ च्या भाषांतरात हे खोडून काढले : त्या अक्षरांचा अर्थ न दिसणारे, न ऐकू येणारे आणि हाती न लागणारे एवढाच. नीतीच्या पातळीवर साम्य भक्कम असताना देवाच्या नावाचा शोध घेणे हा विद्वत्तेचा निव्वळ हट्ट होता.

त्या मानाने दुर्लक्षित राहिले ते नंतरच्या ताओ धर्मातले साम्य. दुसऱ्या शतकात पश्चिम चीनमध्ये आकाराला आलेल्या ‘दिव्य गुरू’ पंथात रोगी माणूस शांत खोलीत बसून आपल्या अपराधांचा विचार करी. मग कबुलीजबाबाच्या तीन प्रती होत : एक आकाशासाठी डोंगरावर ठेवत, एक जमिनीत पुरत, एक पाण्यात सोडत. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि एकमेकांजवळ पापे कबूल करावीत, असे सांगितले आहे. रोग, अपराध आणि कबुली यांची गाठ दोघांनीही सारखीच मारली. पत्ता मात्र वेगळा. ताओ भक्ताची कबुली अर्जासारखी तीन दिव्य अधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांत जाई.

विसाव्या शतकात हा अभ्यास अधिक शहाणा झाला. निंगपोचे कायदेपंडित वू चिंगश्युंग १९३७ मध्ये कॅथलिक झाले. त्यांनी स्तोत्रसंहिता आणि नवा करार अभिजात चिनीत आणला आणि १९६१ मध्ये ताओ ते चिंगचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या केंटकीतील मठात राहणारा ट्रॅपिस्ट साधू टॉमस मर्टन याने त्यांच्या साहाय्याने च्वांगत्सेतील निवडक भागांचे मुक्त रूपांतर १९६५ मध्ये छापले. मर्टनला चिनी येत नव्हते; त्याने चार भाषांतरे समोर ठेवून काम केले. प्रास्ताविकात त्याने वाचकाला आधीच सांगून टाकले आहे की या पुस्तकातून शेवटी ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली जाईल अशी कोणी वाट पाहू नये. च्वांगत्से आपल्याला आवडतो, आणि पुस्तक लिहायला तेवढे कारण पुरेसे आहे.