अंबाडी : कोरडवाहू रानातील वाकाचे पीक

शहरातील स्वयंपाकघरात अंबाडीची ओळख आहे ती आंबट भाजीपुरती. कण्या घालून लसणीची फोडणी दिलेली ही भाजी भाकरीबरोबर खाताना, तिच्याच खोडाच्या सालीतून एके काळी मोटेचे नाडे व बैलांचे कासरे वळले जात, हे थोड्यांच्याच ध्यानी येते.

अंबाडी भेंडी व कपाशी यांच्या कुळातील होय. तिची वरची पाने भांगेप्रमाणे बोटाबोटांनी विभागलेली असतात. म्हणून शास्त्रीय नावात ‘कॅनाबिनस’, म्हणजे भांगेसारखी, हे विशेषण आले. मादक गुण मात्र तिच्यात लवमात्र नाही.

हलक्या रानात ती तग धरते ती सोटमुळाच्या बळावर. पावसाने ओढ दिली तरी हे मूळ खालची ओल शोधते. दिवस पुरेसा लहान झाल्यावाचून ती फुलत नाही. म्हणून पहिल्या पावसावर पेरलेली अंबाडी पुरुषभर उंच वाढते. उशिरा पेरलेली ठेंगणी असतानाच फुलते व वाक आखूड निघतो. पेरणी दाट असल्यास फांद्या कमी फुटतात आणि खोड सरळ राहते.

तथापि काटक म्हणजे अजिंक्य नव्हे. पिसू भुंगेरे कोवळ्या पानांची चाळण करतात. पिठ्या ढेकणांमुळे शेंडा आखडतो. हे शत्रू डोळ्यांना दिसतात. खरा घात करतात ते मातीतील सूक्ष्म सूत्रकृमी. ते मुळांवर गाठी आणतात, आणि जिच्यावर सारी भिस्त तीच वाट बंद होते. वरून झाड केवळ तहानलेले भासते. त्याच रानात वर्षानुवर्षे अंबाडी घेतल्यास, किंवा भेंडी-वांग्यांमागून ती पेरल्यास, हा उपद्रव बळावतो. ज्वारी-बाजरीशी फेरपालट हा त्यावरचा स्वस्त उपाय होय.

फुलोऱ्याच्या सुमारास कापलेल्या खोडांच्या पेंढ्या साधारण 10 ते 15 दिवस पाण्यात कुजवून वाक सोडवतात. अधिक कुजल्यास तो दुबळा होतो, कमी कुजल्यास साल सुटत नाही. थोड्या ओलीवर वाढलेल्या या पिकाला अखेरीस भरल्या डोहाची गरज पडते, हीच त्याची अडचण. नायलॉनच्या दोराला ती नाही. म्हणून गोठ्यातून अंबाडीचे दावे मागे पडले. परंतु तो दोर तुटून बांधावर पडला, की वर्षानुवर्षे कुजत नाही. अंबाडीचा तुकडा मात्र मातीत मिसळून जातो.