जुनं हेल्मेट

१४ सप्टेंबर २००१, शुक्रवार. न्यूयॉर्कमधल्या कोसळलेल्या जुळ्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यातून जवानांनी एक चेपलेला बंब नुकताच उकरून काढला होता. त्यावर हेल्मेट घातलेले एक वयस्कर गृहस्थ उभे होते. खालून एका अधिकाऱ्यानं त्यांना जरा उड्या मारून बघायला सांगितलं. बंब हलतो की पक्का आहे, हे त्याला पाहायचं होतं. त्यांनी उड्या मारल्या. बंब पक्का होता. मग सूचना आली : एक बडी व्यक्ती येईल, तिला हात देऊन वर घ्या आणि तुम्ही उतरा. आले ते राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश. गृहस्थ उतरू लागले, पण बुश यांनी त्यांना थांबवून घेतलं, खांद्यावर हात टाकला आणि भोंग्यातून बोलायला सुरुवात केली. तो फोटो ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर गेला.

फोटोतले ते गृहस्थ, बॉब बेकविथ, त्या दिवशी नोकरीत नव्हते. वय ६९. न्यूयॉर्क अग्निशमन दलात सुमारे तीस वर्षं काढून ते १९९४मध्ये निवृत्त झाले होते. लाँग आयलंडवर मुलानातवंडांत रमले होते. मनोरे पडले, आणि कळलं की जुने सहकारी जिमी बॉइल यांचा मुलगा मायकेल बेपत्ता आहे. जिमी बॉइल हेही निवृत्त जवान, जवानांच्या संघटनेचे माजी अध्यक्ष. मुलगा बापाच्याच वाटेनं दलात गेलेला. बेकविथ यांच्या घरच्यांनी त्यांना वयाची आठवण करून दिली, जाऊ नका म्हणून विनवलं. त्यांनी ठेवणीतलं जुनं हेल्मेट काढलं, गाडी काढली, नाक्यानाक्यावरच्या पहारेकऱ्यांना पटवत ते आत शिरले आणि बादल्या भरणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले.

असे ते एकटे नव्हते. त्या आठवड्यात शहराच्या कानाकोपऱ्यांतून निवृत्त जवान येत राहिले. कुणाचं बोलावणं आलं नव्हतं, कुणाचं नाव कुठल्या पटावर नव्हतं. ते का आले, हे समजून घ्यायचं तर त्या दलाचं स्वयंपाकघर पाहायला हवं.

न्यूयॉर्कचं फायर स्टेशन म्हणजे खाली बंब, वर झोपायच्या खाटा आणि मागे एक मोठं टेबल असलेलं स्वयंपाकघर. जेवणाचा खर्च महापालिका देत नाही. त्या पाळीचे लोक आपापसांत पैसे काढतात, बाजार करतात, कुणी एक रांधतो आणि सगळे एका टेबलाशी बसतात. कागदावर पाळ्या नऊ आणि पंधरा तासांच्या, पण बहुतेकजण एकमेकांत बदल करून सलग चोवीस तास राहतात. म्हणजे एकाच्या मुलाचं बारसं आणि दुसऱ्याच्या आईचं आजारपण, सगळं त्या टेबलावरच्या देवघेवीवर चालतं. वर्दी आली की ताट तसंच टाकून पळायचं, आणि परत आल्यावर त्याच टेबलाशी बसून आगीत काय चुकलं, काय साधलं ते बोलायचं. नवख्याचं शिक्षण तिथं होतं. थट्टाही तिथंच होते, आणि न बोलता बसून राहायचं असेल तर त्यालाही जागा तीच.

जुन्या नियमांप्रमाणे वीस वर्षं भरली की निवृत्तिवेतन मिळायचं. विशीत भरती झालेला माणूस चाळिशीच्या सुरुवातीला मोकळा. हातपाय धड, पुढे अर्धं आयुष्य शिल्लक, आणि रोजचं ते टेबल एकाएकी सुटलेलं. म्हणून निवृत्त झालेला माणूस अधूनमधून जुन्या स्टेशनात डोकावतो, त्याच्यासाठी कॉफीचा कप पुढे सरकतो. शिवाय हे काम घराण्यांत चालत आलेलं. आजोबा, बाप, काका, मुलगा. बाप निवृत्त झाला तरी मुलाच्या निमित्तानं घरात दलाचीच भाषा चालू राहते.

ली इएल्पी यांच्या घरी ती अशीच चालू होती. ते व्हिएतनाम युद्धात लढलेले, ब्रुकलिनमधल्या ‘रेस्क्यू टू’ या नावाजलेल्या तुकडीत अनेक वर्षं काढून १९९६मध्ये निवृत्त झालेले. जोनाथन आणि ब्रेंडन हे दोघेही मुलगे दलात. ११ सप्टेंबरच्या सकाळी जोनाथननं क्वीन्समधल्या आपल्या स्टेशनातून वडिलांना फोन करून आपण वर्ल्ड ट्रेड सेंटरकडे निघाल्याचं सांगितलं. तो २९ वर्षांचा होता. इएल्पींच्या स्वतःच्या ‘रेस्क्यू टू’चेही सात जवान त्या दिवशी परतले नाहीत.

दलाचे एकूण ३४३ लोक गेले. इएल्पी त्या ढिगाऱ्यावर नऊ महिने जात राहिले. त्यांच्यासारखे आणखी काही बाप तिथं रोज भेटू लागले. त्यांत जॉन व्हिजियानो होते, निवृत्त कॅप्टन. त्यांचा एक मुलगा अग्निशमन दलात, दुसरा पोलिसांत. दोघेही त्याच सकाळी गेले. या बापांच्या छोट्याशा गटाला लोक ‘बँड ऑफ डॅड्स’ म्हणू लागले. स्वतःचा मुलगा सापडेल म्हणून ते येत, आणि सापडे दुसऱ्याच कुणाचा. त्यालाही ते तितक्याच हळुवारपणे उचलत.

काम कसं चाले ते सांगायला हवं, कारण या सोबतीचं खरं रूप त्यात आहे. यंत्राचा पंजा मलबा उचलून मोकळ्या जागी पसरे. मग माणसं दाताळी घेऊन तो इंच इंच चाळत. काही दिसलं की हात वर व्हायचा, यंत्रं थांबायची. सापडलेला अग्निशामक असला तर त्याच्या स्वतःच्या तुकडीला निरोप जाई. ते येईपर्यंत वाट पाहायची. देह जाळीच्या स्ट्रेचरवर, त्यावर झेंडा. दोन्ही बाजूंना सगळे टोप्या काढून रांगेत उभे. आणि ज्यांच्यासोबत तो जेवला होता तेच त्याला खांदा देऊन बाहेर आणत. ११ डिसेंबरला, बरोबर तीन महिन्यांनी, जोनाथन सापडला. इएल्पी आणि धाकटा ब्रेंडन आले. बापानं आणि भावानं त्याला उचलून आणलं. व्हिजियानोंचा पोलीस मुलगा सापडला, अग्निशामक मुलगा कधीच सापडला नाही. ते २०१८मध्ये वारले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला शहर प्रशासनानं सुरक्षिततेचं कारण देऊन ढिगाऱ्यावरच्या जवानांची संख्या पंचवीसवर आणली. मोर्चा निघाला, पोलिसांशी धक्काबुक्की झाली, संघटनेच्या पुढाऱ्यांना अटक झाली. नोकरीतल्या जवानांना शिस्तीची भीती असते. निवृत्तांना ती नव्हती आणि ते मोठ्या संख्येनं आले. संख्या नंतर पुन्हा वाढवावी लागली. त्या बापांची मागणी समजायला कठीण नव्हती : आमची मुलं ट्रकमधून कचरा म्हणून जाऊ नयेत.

३० मे २००२ रोजी काम संपलं. सकाळी १० वाजून २९ मिनिटांनी, म्हणजे दुसरा मनोरा पडला त्या घटकेला, घंटेचे पाच-पाच ठोके चार वेळा दिले गेले. रेडिओ येण्याआधी तारेवरून स्टेशनांना संदेश जात, त्या काळातली ही खूण. कर्तव्यावर असताना कुणी गेला, एवढाच तिचा अर्थ. आज तारा राहिल्या नाहीत, खूण राहिली आहे, आणि शहरातला कुठलाही निवृत्त जवान ती कानांवर पडताच उभा राहतो.

मुंबईत अशी घंटा १४ एप्रिलला मनात वाजते. १९४४मध्ये या दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावरच्या कापसाला लागलेली आग दारूगोळ्यापर्यंत पोहोचली आणि ती विझवणारे मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. देशभर हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ९ मे २०१५च्या काळबादेवीच्या आगीनं दलाचे चार अधिकारी नेले, त्यांत प्रमुख सुनील नेसरीकर होते. मुंबईच्या जवानांची कुटुंबं स्टेशनच्याच आवारातल्या क्वार्टर्समध्ये वाढतात, बंबाची घंटा घरातल्या घड्याळाइतकी ओळखीची असते. न्यूयॉर्कचं टेबल ज्यानं पाहिलं नाही, त्याला भायखळ्याच्या फायर स्टेशनच्या आवारावरून ते कळेल.

न्यूयॉर्कमध्ये ढिगारा उचलला गेला, पण धूळ माणसांच्या आत राहिली. दलाचं एक वेगळेपण इथं कामी आलं : आधीपासून प्रत्येक जवानाची नियमित वैद्यकीय तपासणी होत असे, त्यामुळे फुप्फुसांच्या आधीच्या नोंदी हाताशी होत्या. डॉ. डेव्हिड प्रेझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ताडून पाहिल्या. एका सेकंदात बाहेर सोडता येणाऱ्या हवेचं प्रमाण पहिल्याच वर्षात सरासरी ३७२ मिलिलिटरनं घटलं होतं. वयोमानानं एवढी घट व्हायला सुमारे बारा वर्षं लागतात. निवृत्तांचीही तपासणी पुढे चालू राहिली, आणि माणसं शहराबाहेर राहायला गेली म्हणून लाँग आयलंड, ऑरेंज काउंटी अशा ठिकाणीही केंद्रं निघाली.

रे फायफर यांची गोष्ट इथली. मॅनहॅटनमधल्या त्यांच्या स्टेशनातून दोन गाड्यांवर तेरा जण गेले होते, बारा परतले नाहीत. फायफर त्या दिवशी सुट्टीवर होते. पुढचे कित्येक महिने ते मित्रांना शोधत खणत राहिले. २००९मध्ये मूत्रपिंडाच्या कर्करोगाचं निदान झालं. चाकाच्या खुर्चीतून ते वॉशिंग्टनला जात, एकेका सिनेटरच्या दाराशी थांबत आणि आजारी सोबत्यांच्या उपचारांसाठी कायदा मागत. मे २०१७मध्ये ते गेले. ११ जून २०१९ रोजी विनोदी कलावंत जॉन स्टुअर्ट यांनी संसदीय समितीसमोर, बऱ्याचशा रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत, संतापून आणि डोळ्यांत पाणी आणून साक्ष दिली. त्यांच्या पाठीमागे आजारी माणसं बसली होती. जुलैत सिनेटनं ९७ विरुद्ध २ मतांनी भरपाईच्या निधीचं विधेयक संमत केलं. भरपाईचे दावे आता ऑक्टोबर २०९० पर्यंत करता येतात, आणि कायद्याच्या नावात रे फायफर यांचं नाव आहे.

मनाच्या जखमांवर दलानं शोधलेला उपायही स्वयंपाकघरातूनच गेला. आगीत राहिलेला माणूस तिऱ्हाइतासमोर बोलत नाही, हे ओळखून समुपदेशन विभागानं निवृत्त जवानांना तयार केलं आणि स्टेशनांत पाठवलं. दवाखान्याची चिठ्ठी नाही, खुर्चीसमोर वही घेऊन बसलेला डॉक्टर नाही. जुना माणूस टेबलाशी येऊन बसतो, कॉफी घेतो. कोण जेवत नाही, कोण फारच हसतो आहे, हे त्याला दिसतं. मला वाटतं, या सगळ्या कहाणीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच असावी.

इएल्पी यांनी २००६मध्ये इतरांसोबत लिबर्टी स्ट्रीटवर, ‘टेन हाउस’ या फायर स्टेशनला लागून, ट्रिब्यूट सेंटर उभं केलं. वाचलेले, नातलग आणि निवृत्त जवान तिथं येणाऱ्यांना स्वतः हिंडवून सांगत. जोनाथनचा फाटलेला कोट आणि हेल्मेट तिथं मांडलं होतं. कोविडच्या काळात पाहुणे आटले आणि ऑगस्ट २०२२मध्ये ते केंद्र बंद झालं.

बेकविथ पुढे भाजलेल्या रुग्णांच्या मदतनिधीसाठी गावोगाव गेले, त्या फोटोवर सह्या देत. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

ब्रुकलिनमधल्या मुख्यालयात एक भिंत आहे. ढिगाऱ्यावरच्या कामातून जडलेल्या आजारांनी जे गेले त्यांची नावं तिच्यावर दर सप्टेंबरात वाढवली जातात. निवृत्त जवान आणि घरची माणसं त्यासाठी जमतात. २५ सप्टेंबर २०२३ रोजी दलानं जाहीर केलं, की आजारांनी गेलेल्यांची संख्या आता ३४३ झाली, म्हणजे त्या एका सकाळी गेलेल्यांइतकीच. काही दिवसांच्या अंतरानं दोघांचा मृत्यू झाला होता. एक रुग्णवाहिकेवर काम केलेली स्त्री होती. दुसरा निवृत्त अग्निशामक होता.